विद्यार्थ्यांमधील चिकित्सक विचारक्षमतेचा विकास : सिंदी (रेल्वे) परिसराच्या विशेष संदर्भात

बीजशब्द : चिकित्सक विचार, पूर्वपक्ष, नई तालीम, पुरावा, ग्रामीण महाविद्यालयीन विद्यार्थी

प्रस्तावना

'चिकित्सक विचार म्हणजे काय ते सांगून त्याची वैशिष्ट्ये स्पष्ट करा' अशा धर्तीचा प्रश्न अलीकडे पदवी व शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चांगलाच परिचित झाला आहे. उत्तरपत्रिका तपासताना असे आढळते की, बहुतेक उत्तरे जवळजवळ सारखीच असतात. व्याख्या तीच, वैशिष्ट्यांचा क्रम तोच, आणि प्रचलित नोट्समध्ये एखादा शब्द चुकीचा छापला गेला असेल तर ती चूकही तीच. चिकित्सक विचाराची व्याख्या विद्यार्थी पाठ करतो. ती व्याख्या कोणी केली, ती पटण्यासारखी आहे काय, हे मात्र तो विचारीत नाही. तरीही त्याला पूर्ण गुण द्यावे लागतात, कारण प्रश्नाने त्याच्याकडून दुसरे काही मागितलेलेच नसते. या विसंगतीचा विचार करीत असताना प्रस्तुत लेखाची कल्पना सुचली.

चिकित्सक विचाराचे महत्त्व आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत, कलम ५१क (ज) अन्वये, वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीपासून शिक्षणाला दूर नेण्याचा आग्रह धरला आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने त्याचाच पुनरुच्चार केला. तथापि धोरण कागदावर येणे आणि ते वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत पोचणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर कसे कमी करता येईल, हा येथील विषय आहे.

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) हे नागपूर-वर्धा लोहमार्गावरील नगरपरिषदेचे गाव होय. भोवतालचा प्रदेश कापूस, सोयाबीन व तुरीचा. येथील विद्यार्थी प्रामुख्याने शेतकरी, शेतमजूर, कारागीर आणि लहान व्यापारी कुटुंबांतून येतो. कित्येक घरांतील तो पहिलाच पदवीधर असतो आणि म्हणून छापील शब्दावर, सरांच्या शब्दावर व पदवीवर त्याचा विश्वास शहरी विद्यार्थ्याहून अधिक गाढ असतो. अशा विद्यार्थ्याला चिकित्सक विचार शिकविण्यासाठी परदेशी पुस्तकांतील उदाहरणे लागतात, असा एक समज आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा समज निराधार आहे. या विचारपद्धतीची उत्तम साधने या विद्यार्थ्याच्या घरात, बाजारात आणि त्याच्याच जिल्ह्याच्या इतिहासात उपलब्ध आहेत.

संकल्पना : शब्द आणि आशय

'चिकित्सा' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे. एक रोगाच्या उपचाराचा आणि दुसरा बारकाईने केलेल्या छाननीचा. व्यवहारात मात्र 'तो फार चिकित्सक आहे' हे वाक्य क्वचितच कौतुकाने उच्चारले जाते. जेवणात खोड काढणाऱ्या पाहुण्यालाही आपण चिकित्सक म्हणतो. शब्दाला चिकटलेली ही नापसंतीची छटा विद्यार्थ्याच्या मनात लहानपणापासून रुजलेली असते, हे शिक्षकाने लक्षात घेतले पाहिजे.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी 'हाऊ वी थिंक' (१९१०) या ग्रंथात या विचारप्रकाराची जी मांडणी केली, ती आजही मूलगामी मानली जाते. एखादी समजूत ज्या आधारावर उभी आहे तो आधार तपासणे, आणि ती खरी मानल्यास पुढे काय काय मान्य करावे लागेल याचा चिकाटीने विचार करणे, असा तिचा आशय आहे. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकत असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ड्यूई यांचा प्रभाव पडला, हे सर्वश्रुत आहे. पुढे १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोधात्मक उद्दिष्टांची जी श्रेणी मांडली तीत विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन यांना स्मरणाच्या वरचे स्थान मिळाले. ही श्रेणी आपल्या अभ्यासक्रमांतून इतकी सांगितली गेली आहे की येथे तिची पुनरुक्ती नको.

भारतीय परंपरेकडे मात्र थोडे थांबून पाहावे लागेल. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणे मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आपला विद्यार्थी यांपैकी चौथ्या प्रमाणावर जवळजवळ संपूर्णपणे विसंबून असतो. शब्दप्रमाण त्याज्य नाही. परंतु तो शब्द 'आप्ता'चा, म्हणजे त्या विषयाचे यथार्थ ज्ञान असलेल्या व ते प्रामाणिकपणे सांगणाऱ्या माणसाचा असावा, अशी अट त्या दर्शनानेच घातली आहे. त्याचप्रमाणे चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार तेथे सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करीत राहणे ही वितंडा. मराठीतील 'वितंडवाद' हा शब्द यातूनच आला. चिकित्सक विचाराविषयी पालकांच्या व काही शिक्षकांच्या मनात जी धास्ती असते, ती वस्तुतः वितंडेची असते. वाद आणि वितंडा यांतील फरक विद्यार्थ्याला एकदा स्पष्ट झाला की, प्रश्न विचारणे म्हणजे उलट उत्तर देणे नव्हे, हे त्यालाही कळते आणि घरच्यांनाही पटविता येते.

वादाची सुरुवात पूर्वपक्षाने होते. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी, त्याला मान्य होईल अशा शब्दांत, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचे आणि मगच आपले उत्तर द्यायचे. प्रस्तुत लेखकाला चिकित्सक विचाराचा गाभा येथेच दिसतो. दोष शोधणे तुलनेने सोपे असते. ज्या मताशी आपण असहमत आहोत त्याला न्याय देणे कठीण असते.

वर्धा, १९३७

सिंदीहून रेल्वेने थोड्याच वेळात ज्या वर्धा शहरात पोचता येते, तेथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी एक शिक्षण परिषद भरली होती. मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त होते. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. प्रांतांमध्ये नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळे आली असल्याने शिक्षणमंत्री व शिक्षणतज्ज्ञ यांना मुद्दाम निमंत्रित करण्यात आले होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, हस्तोद्योगाच्या केंद्राभोवती सर्व विषयांची गुंफण, आणि मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाच्या वेतनाचा खर्च निघावा ही स्वावलंबनाची अपेक्षा, असे गांधीजींच्या प्रस्तावाचे स्वरूप होते. हीच पुढे 'वर्धा योजना', 'बुनियादी शिक्षण' किंवा 'नई तालीम' म्हणून ओळखली गेली.

शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या योजनेची वैशिष्ट्ये, गुण व दोष अशा तीन याद्या असतात आणि विद्यार्थी त्या पाठ करतात. याद्यांमध्ये जे हरवते ते असे की, यांतील काही 'दोष' नंतरच्या टीकाकारांना सापडलेले नसून ते त्या परिषदेतच, गांधीजींच्या समोर बोलले गेले होते. जामिया मिलियाचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन यांनी सांगितले की, उद्योगाद्वारे शिक्षण ही कल्पना शिक्षणक्षेत्राला नवी नाही. शिवाय स्वावलंबनावर अतिरिक्त भर दिल्यास शिक्षक मुलांकडून काम उपसून घेणारा मुकादम होण्याचा धोका आहे. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांचा आक्षेप वेगळा होता. शाळांमधून तयार होणारा माल बाजारात आला तर त्यावर पोट असणाऱ्या कारागिरांशी त्याची विषम स्पर्धा होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

परिषदेने योजनेचा तपशील ठरविण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्षपद डॉ. झाकीर हुसेन यांच्याकडे देण्यात आले आणि सदस्यांत के. टी. शाह यांचा समावेश झाला. विनोबा भावे, जे. सी. कुमारप्पा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला हे गांधीजींचे निकटवर्तीही तीत होते. परंतु समितीची सूत्रे आक्षेप घेणाऱ्याच्या हाती होती. डिसेंबर १९३७ मध्ये सादर झालेल्या अहवालाने योजना स्वीकारली. त्याच वेळी आर्थिक बाजूवर जोर देण्याच्या भरात शैक्षणिक व सांस्कृतिक उद्दिष्टांचा बळी जाण्याचा धोका आहे, असा स्पष्ट इशाराही दिला. १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघाची स्थापना होऊन सेवाग्राम येथे या शिक्षणाचे केंद्र उभे राहिले. आर्यनायकम् व आशादेवी यांनी ते अनेक वर्षे सांभाळले.

गांधीजींनी स्वावलंबनाचा आग्रह सोडला नाही, हेही नमूद केले पाहिजे. टीकेपुढे मान तुकवणे म्हणजे चिकित्सक वृत्ती, असा अर्थ येथे अभिप्रेत नाही. टीकाकाराला सभागृहाबाहेर न ठेवता त्याच्याकडूनच मसुदा तयार करून घेणे, ही गोष्ट मात्र आजच्या कोणत्याही सभेत सहज आढळणारी नाही. (आपल्या महाविद्यालयीन समित्यांचा अनुभव असलेल्या वाचकांना हे अधिक सांगावयास नको.)

त्याच वर्षातील दुसरे उदाहरण गांधीजींच्या विरोधी बाजूचे आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केल्यावर डॉ. आंबेडकरांनी आपले न झालेले भाषण 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने १९३६ मध्ये स्वखर्चाने प्रसिद्ध केले. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत डॉ. आंबेडकरांनी आपले सविस्तर उत्तर तर दिलेच. पण त्याआधी गांधीजींचे लेखही त्याच पुस्तकात छापले. त्यामुळे वाचकाला दोन्ही बाजू एकाच ठिकाणी मिळतात आणि निर्णय करण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. ज्याला आपल्या युक्तिवादाच्या बळाची खात्री आहे तोच असे करू शकतो. ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून शिकविली, तर विद्यार्थ्याला पूर्वपक्ष ही संकल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

नई तालीमचा आणखी एक धागा येथे महत्त्वाचा आहे. तकलीवर सूत कातणारे मूल केवळ यंत्रवत् कातत राहिले तर ते शिक्षण नव्हे. प्रत्येक क्रिया का करावयाची हे त्याला कळले पाहिजे, असे गांधीजींनी वारंवार प्रतिपादले. सूत मध्येच का तुटले, या जमिनीतील कापसाचा धागा आखूड का, या प्रश्नांतून विज्ञान, भूगोल व गणित यावे अशी ती कल्पना होती. हाताने करावयाच्या कामाचे एक वैशिष्ट्य असे की, तेथे चूक लपत नाही. उत्तरपत्रिकेतील चुकीचे विधान सुबक अक्षरात खपून जाते. तुटलेले सूत खपत नाही.

एका दाव्याची परीक्षा

विचार चिकित्सक करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हे दाखविणारा अलीकडच्या काळातील अत्यंत स्वच्छ नमुना पुण्याचा आहे. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाच्या एका दाव्याची चाचणी घेतली. शालेय जीवनात हुशार ठरलेल्या १०० आणि मतिमंद असलेल्या १०० मुलांच्या जन्मवेळांवरून २०० कुंडल्या तयार करण्यात आल्या. सहभागी होण्यास तयार असलेल्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन, यांतील कोणती कुंडली कोणत्या गटातील आहे, एवढेच सांगावयास सांगितले.

येथे विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. ४० नाणी वर उडविली तर साधारण २० वेळा छापा येईल. म्हणजे ज्योतिषाचे काहीही ज्ञान नसलेल्या माणसाची सुमारे २० उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येतील. मग किती उत्तरे बरोबर आली तर ज्ञान आहे असे मानावे? ही रेषा निकाल पाहिल्यानंतर आखली तर ती आपल्या सोयीने आखली जाण्याचा धोका असतो. म्हणून ती आधीच ठरविण्यात आली : ४० पैकी किमान २८. प्रत्यक्षात २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. एकूण उत्तरांपैकी ४६ टक्के बरोबर होती आणि सर्वाधिक यश मिळविणाऱ्याची ४० पैकी २४ उत्तरे जुळली. एका ज्योतिषसंस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. या चाचणीचा अहवाल २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या प्रयोगात कोणाचाही उपहास नव्हता. दावा स्पष्ट शब्दांत मांडणे, तो चुकीचा ठरू शकेल अशी परीक्षा योजणे, यशाचा निकष आधी जाहीर करणे आणि जे हाती येईल ते प्रसिद्ध करणे एवढेच त्यात होते. तसेच या चाचणीने काय सिद्ध झाले नाही, हेही विद्यार्थ्याला विचारले पाहिजे. कुंडलीवरून बौद्धिक क्षमता सांगता येते, या एका दाव्याची ही परीक्षा होती. विवाहयोग किंवा आयुर्मान यांविषयीचे दावे तीत तपासलेले नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र परीक्षा योजाव्या लागतील. पुराव्याने जेवढे दाखविले तेवढेच म्हणावयाचे, ही शिस्त ज्याला आपले मत आधीच पटलेले आहे त्यालाच सर्वांत जड जाते. डॉ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. प्रश्न विचारण्याची किंमत कधीकधी किती मोजावी लागते, हे वर्गात बोलताना टाळता येत नाही.

बाजार आणि तान्हा पोळा

आता सिंदीकडे वळू. सिंदी (सेलू) बाजार समितीचे कापसाचे दर रोज प्रसिद्ध होतात. त्यांत किमान दर, कमाल दर व सर्वसाधारण दर असे तीन रकाने असतात. 'सर्वसाधारण' म्हणजे सरासरी, असे बहुतेक विद्यार्थी गृहीत धरतात. वस्तुतः तो त्या दिवशी सर्वाधिक मालाला मिळालेला दर असतो. समजा, सारख्याच वजनाच्या दहा गाड्या आल्या. सहा गाड्यांना क्विंटलला ७,२०० रुपये आणि चारांना ६,५०० रुपये मिळाले. सर्वसाधारण दर ७,२०० छापला जाईल. सरासरी मात्र ६,९२० रुपये येईल. ज्या चार शेतकऱ्यांना सातशे रुपये कमी मिळाले त्यांना वर्तमानपत्रातील आकडा खोटा वाटेल. तो खोटा नाही, पण त्यांची हकीकत त्यात नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने बहुलक आणि मध्य यांच्या व्याख्या लिहिण्यापेक्षा आपल्या वडिलांच्या पट्टीवरील दर आणि त्या दिवसाचा छापील दर शेजारी ठेवून फरकाची कारणे शोधावीत.

त्यांपैकी एक कारण ओलाव्याचे निघेल. हमीभावाच्या खरेदीत कापसातील ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण दर, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दरात कपात आणि त्याहून अधिक असल्यास माल नाकारणे, अशी पद्धत आहे. येथे विचारण्याजोगे प्रश्न साधे आहेत. ओलावा मोजण्याचे यंत्र गाडीत नेमके कोठे खुपसले? वरच्या थरात की आत? एकदाच की चार ठिकाणी? सकाळी दव असताना की दुपारी? संशोधनपद्धतीच्या तासाला 'नमुना निवड' हे प्रकरण रूक्ष वाटते. पण त्या एका आकड्यावर घरच्या वर्षभराच्या मिळकतीचा काही भाग अवलंबून आहे, हे कळल्यावर नमुना प्रातिनिधिक असावा म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. ही चिकित्सा दोन्ही बाजूंनी व्हावी. आपल्या गाडीतील कापूस खरोखरच ओला होता काय, हा प्रश्नही विद्यार्थ्याने घरी विचारला पाहिजे. तोच अधिक अवघड आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी तान्हा पोळा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात. सिंदीचा हा उत्सव त्यातील भव्य नंद्यांमुळे परिसरात प्रसिद्ध आहे. ही प्रथा नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी सुरू केली, असे सांगितले जाते आणि पोळ्याच्या सुमारास ते छापूनही येते. हे खरे असेल. पण 'सांगितले जाते' म्हणजे कोण सांगतो? त्याने ते कोठे वाचले? त्याने जेथे वाचले तेथे कशाचा आधार दिला होता? भोसलेकालीन एखादी नोंद, वंशजांकडील परंपरा, की आधीच्या वर्षीच्या बातमीवरून तयार झालेली पुढच्या वर्षीची बातमी? तसेच सिंदीचा उत्सव किती वर्षांचा, असे चार वडीलधाऱ्यांना स्वतंत्रपणे विचारून पाहावे. मिळालेली उत्तरे, जुनी छायाचित्रे, नंदी घडविणाऱ्या सुतार घराण्यांच्या आठवणी आणि नगरपरिषदेचे कागद एकत्र ठेवले तर पदवीच्या शेवटच्या वर्षाचा एक सरस प्रकल्प तयार होईल. आजोबांची आठवण कागदाशी जुळली नाही तर आजोबा खोटे ठरत नाहीत. आठवण आणि नोंद ही वेगवेगळ्या जातीची साधने आहेत, एवढेच त्यातून दिसते. उत्सवाविषयीचे प्रेम या चौकशीने कमी होईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

जाता जाता गावाच्या नावाविषयी. याच जिल्ह्यात वर्धा शहरालगत सिंदी (मेघे) आहे. त्यामुळे 'सिंदीला असे घडले' हे वाक्य कानी पडताच येथील माणूस सहजच 'कोणती सिंदी?' असे विचारतो. चिकित्सक विचाराचा हा पहिला प्रश्न आपल्याला जन्मतःच शिकविला गेला आहे. तो इतर बाबतीत मात्र आपण विसरतो.

अडथळे

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने वर्धा शिक्षण परिषदेचे वर्ष फळ्यावर अनवधानाने १९३८ असे लिहिले. विद्यार्थ्यांपुढे पाठ्यपुस्तक उघडे होते आणि त्यात १९३७ छापलेले होते. सर्वांनी वहीत १९३८ उतरवून घेतले. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी दाराशी थांबली व म्हणाली, "सर, पुस्तकात वेगळं साल आहे." तू वर्गातच का सांगितले नाहीस, असे विचारता ती म्हणाली, "तुम्ही लिहिलं म्हणजे पुस्तकच चुकलं असेल, असं वाटलं."

या उत्तरात आदर आहे, आणि त्याच आदराने विचाराची वाट अडविली आहे. यात विद्यार्थिनीचा दोष नाही. ज्या घरात व शाळेत ती वाढली तेथे मोठ्यांची चूक दाखविणे हे उद्धटपणाचे लक्षण मानले गेले; मुलींच्या बाबतीत तर ही शिस्त अधिक कडक असते. तिने दाराशी थांबून का होईना पण विचारले, हे तिचे धैर्य होय. दुसऱ्या दिवशी फळ्यावरील चूक तिच्या नावासह वर्गात मान्य केली, तेव्हा त्या तासाला नेहमीपेक्षा अधिक प्रश्न आले. शिक्षकाने 'प्रश्न विचारा' असे शंभर वेळा सांगण्याने जे साधत नाही ते एकदा 'माझे चुकले' म्हणण्याने साधते, असा अनुभव आहे. आदर राखून प्रश्न विचारण्याची भाषाही शिकवावी लागते. 'हे चूक आहे' याऐवजी 'सर, हे आपल्याला कशावरून कळले?' असे विचारता येते. या वाक्यात कोणाचा अवमान नाही आणि उत्तर टाळण्यास वावही नाही.

गाईड व अपेक्षित प्रश्नसंच यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु जोवर प्रश्नपत्रिका अपेक्षित राहते तोवर उत्तरेही अपेक्षितच राहणार.

भ्रमणध्वनी, अफवा आणि नवी साधने

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशा अफवा त्या काळात भ्रमणध्वनीवरून पसरत होत्या. त्या जमावातील प्रत्येकाला आपण मुलांचे रक्षण करीत आहोत, असेच वाटत असले पाहिजे. चिकित्सक विचार ही परीक्षेपुरती किंवा नोकरीच्या मुलाखतीपुरती बाब नाही, हे या घटनेइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही. 'कोणाचे मूल, कोणत्या गावचे, कोणी पाहिले' हे तीन प्रश्न वेळेवर विचारले गेले असते तर पाच माणसे आपल्या गावी परतली असती.

सिंदी हे रेल्वेचे गाव आहे. येथे अनोळखी माणूस रोज उतरतो. असा संदेश येथील तरुणाच्या हाती आला तर तो काय करील, याचा विचार महाविद्यालयाने आधी केला पाहिजे. बातमी खोटी होती हे नंतर सिद्ध होण्याने काही साधत नाही. संदेश पुढे पाठविण्यापूर्वी अंगठा थांबणे महत्त्वाचे असते. ही सवय नेमकी कशी लागते, याविषयी प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण असे की, जो विद्यार्थी स्वतः एकदा खोटा संदेश पुढे पाठवून फसला आहे आणि ज्याने ते वर्गात मोकळेपणाने सांगितले आहे, तो पुन्हा सहसा फसत नाही. म्हणून इतरांच्या अंधश्रद्धांची यादी करावयास सांगण्याऐवजी 'मी खरे मानलेली एक खोटी गोष्ट' या विषयावर पानभर लिहावयास सांगावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी यात नवी भर घातली आहे. ती साधने शुद्ध व ओघवत्या भाषेत उत्तर देतात. प्रसंगी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाचे नाव, लेखक व पृष्ठक्रमांकही देतात. बंदी घालून हा प्रश्न सुटेल असे वाटत नाही. अशा उत्तरातील प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात जाऊन शोधावयास सांगणे, आणि जो सापडला नाही त्याची नोंद करावयास लावणे, हा स्वाध्याय अधिक फलदायी ठरतो. ग्रंथपालांचेही त्यामुळे वर्गाशी नाते जुळते.

मूल्यमापनाचा प्रश्न

अखेरीस सर्व गोष्टी गुणांपाशी येऊन थांबतात. ज्या कौशल्याला गुण नाहीत त्याकडे विद्यार्थी वळणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. 'वर्धा योजनेचे गुणदोष लिहा' या प्रश्नाऐवजी पुढील प्रश्न विचारून पाहावा : 'डॉ. झाकीर हुसेन व के. टी. शाह यांच्या आक्षेपांपैकी तुम्हाला अधिक भक्कम वाटणारा एक निवडा. त्याला गांधीजींच्या बाजूने देता येईल असे सर्वांत समर्थ उत्तर लिहा. त्यानंतर स्वतःचे मत कारणांसह मांडा. आणि कोणता पुरावा समोर आला तर ते मत बदलाल, हे शेवटी दोन वाक्यांत सांगा.' अंतर्गत मूल्यमापनात असा प्रश्न विचारण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

या प्रश्नाचे नमुना उत्तर तयार करता येत नाही. परस्परविरोधी निष्कर्ष काढणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना सारखेच गुण मिळू शकतात, आणि आपल्या मताशी सहमत असलेल्या विद्यार्थ्याला कमी गुण देण्याचा प्रसंग परीक्षकावर येऊ शकतो. उत्तरपत्रिका तपासण्यास वेळही अधिक लागतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात तो दुपटीहून अधिक लागेल. त्यासाठी एका सत्रात असा एकच प्रश्न ठेवावा, तो दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासावा आणि जेथे गुणांत मोठी तफावत पडेल तेथे दोघांनी बसून आपापली कारणे एकमेकांना सांगावीत. ही चर्चा शक्य असल्यास विद्यार्थ्यांसमोर व्हावी.